ओपीडीत विद्यार्थी बसवताय? मग या चुका टाळा

बीएनवायएस, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाच्या पदवीचा कोर्स साडेपाच वर्षांचा, त्यातलं शेवटचं १ वर्ष इंटर्नशिप. पण त्याच्या आधीच पोरं सुट्टीत गावाकडं आली की जवळच्या निसर्गोपचार डॉक्टरकडं बघायला म्हणून बसतात. माझ्याकडं कोल्हापुरात दर उन्हाळ्यात दोघंतिघं असतातच, आणि पोरं शिकत नाहीत अशी तक्रार ऐकली की मला वाटतं आधी आपण त्यांना उभं कसं करतो ते बघूया.

सगळ्यात मोठी चूक माझीच सांगतो. पहिल्याच दिवशी मी पोरांना दम द्यायचो, पेशंटसमोर तोंड उघडायचं नाही, काय असेल ते नंतर. एकदा एक काका आले, शुगर जुनी, पाय दुखतात, झोप नाही. मी गरम पादस्नान सांगितलं. शुगर असली की पायाची संवेदना तपासल्याशिवाय गरम पाण्यात पाय सोडायचे नाहीत हे मला पक्कं माहीत होतं, विचारलंही होतं, पण काका म्हणाले "कळतंय की सगळं पायाला" आणि बाहेर लई गर्दी होती म्हणून मी तेवढ्यावरच सोडून दिलं. पाय बाहेर काढले तर अंगठ्याजवळ फोड आलेला, आणि काकांना पत्ताच नाही. संध्याकाळी आमची विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "सर, जिना चढताना काकांची डावी चप्पल मागं राहिली होती, ते तसेच वर आले, त्यांना कळलंच नाही."

पायातली चप्पल निसटली तरी न कळणं म्हणजे संवेदना गेल्याची खूणच. पोरीनं ती बघितली, ओळखली, आणि माझ्या नियमामुळं गप्प बसली.

तेव्हापासून आमच्याकडं एक शब्द ठरलाय, "एक मिनिट सर". कुणीही म्हटलं की मी हातातलं थांबवतो, बाहेर येऊन ऐकतो, मग ते चुकीचं निघालं तरी चालेल पण त्याबद्दल पोराला पेशंटसमोर बोलायचं नाही. आणि १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे तळपायाला टेकवून संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा, आता पोरांच्याच हातात देतो, शुगरच्या पेशंटचे तळपाय त्यांनी तपासून मला सांगायचं, मगच पाणी तापवायचं.

दुसरी चूक, पेशंट आत यायच्या आधीच "ही अ‍ॅसिडिटीची केस" म्हणून सांगून टाकणं. मग पोराला अ‍ॅसिडिटीच दिसते, बाकी काही नाही. त्यापेक्षा रोज एकच काम द्या. आज फक्त दारापासून खुर्चीपर्यंतची चाल बघ, उद्या फक्त जीभ आणि नखं.

आहाराची हिस्टरी तर पोरं हमखास बिघडवतात. "जेवण कसं असतं?" असं विचारलं की आपला माणूस "साधंच" म्हणणार आणि पोरगं तेच लिहून घेणार. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं ते क्रमानं विचारायला लावा, मग त्याच साध्या जेवणातनं ५ कप चहा, कट वाढवून घेतलेली मिसळ आणि रात्री ११ चा रस्सा बाहेर येतो. त्यावर तोंड वाकडं करायचं नाही हेही शिकवा, नाहीतर पुढच्या वेळी माणूस खरं सांगत नाही.

मातीची पट्टी स्वतःच्या पोटावर घेतल्याशिवाय पोराला पेशंटला लावू देऊ नका. रिकाम्या पोटी, २० मिनिटं, पूर्ण. आमचा एक जण "काही नाही, थोडं गार लागतं" असं सगळ्यांना सांगायचा, स्वतः झोपला तर पहिल्याच मिनिटाला श्वास रोखून धरला. दुसऱ्या दिवसापासून तो आधी पेशंटच्या पोटावर हात ठेवून "आता गार लागेल हां मावशी, श्वास सोडा" म्हणायला लागला.

कटिस्नान (कंबर पाण्यात बुडवून बसणं), एनिमा असल्या उपचारांना विद्यार्थी आत उभा करायचा तर आधी पेशंटला विचारायचं, तेही विद्यार्थी समोर नसताना, म्हणजे नाही म्हणायला संकोच वाटत नाही. मोबाईल बाहेर ठेवायचा.

आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांचं. नवीन पोराला उत्साह असतो, २ दिवस आकडे बरे आले की पेशंटला "आता गोळी सोडली तरी चालेल" म्हणून मोकळं होतं. यावर मात्र मी खरंच कडक आहे. गोळी ज्या डॉक्टरनं चालू केली त्यालाच विचारून कमी करायची, आणि पोरानं काय सांगितलं ते कळलं की त्याच दिवशी, त्याच्याच समोर, पेशंटला फोन लावायचा.