शाळेच्या प्रदर्शनात रोमन शकुनाचं टेबल मांडायचंय? असं करा

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, रोममध्ये शकुन बघणारा एकच भटजी नव्हता. आकाश आणि पक्षी बघायचा तो ऑगर, बळीच्या जनावराचं काळीज (हृदय नव्हे, यकृत) बघायचा तो हारुस्पेक्स. दोघांचं सामान टेबलावर एकत्र कालवू नका, सगळे हेच करतात.

ऑगरची खूण म्हणजे लिटुअस, टोकाला गोल वळलेली आखूड काठी. ती आकाशात फिरवून तो ठरवायचा की एवढ्या भागातलेच पक्षी मोजायचे. तिला गाठ नसायची म्हणून बांबू बाद. वायरिंगचा पाइप घ्या, आत वाळू ठासून भरा, गरम पाण्यात नरम करून वळवा (हे मोठ्यांनी करा) आणि वरून तपकिरी रंग द्या, लाकूडच वाटतं.

आता काळीज, टेबलावर गर्दी होणार ती याच्यापुढेच. इटलीत पिआचेन्झाजवळ 1877 साली शेत नांगरताना मेंढीच्या काळजाची ब्राँझची प्रतिकृती सापडली, लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढी. ती एट्रुस्कन लोकांची आहे (रोमनांच्या शेजारचे, इटलीतलेच जुने लोक), रोमनांनी ही विद्या त्यांच्याकडूनच उचलली. शाडू घ्या, गणपती करणाऱ्यांकडे मिळते, पण आपल्या सोलापूरच्या उन्हात ती बघता बघता तडकते म्हणून ओलं फडकं टाकून सावलीतच वाळवा. वर तीन उंचवटे काढा, त्यातला एक पित्ताशयाचा. काठाला 16 घरं आखा, एकेक घर आकाशाच्या एकेका भागाचं. माती अर्धी ओली असतानाच सुईने देवांची नावं कोरा, तिन, उनी, फुफ्लुन्स वगैरे, मूळ लिखाण उजवीकडून डावीकडे आहे हे विसरू नका. वाळल्यावर आधी तपकिरी रंग, मग कोरड्या ब्रशने हलका हिरवा.

तिसरं म्हणजे कोंबड्यांचा पिंजरा. बुटाचा खोका आणि आइस्क्रीमच्या काड्या पुरतात, समोर पिठाचे गोळे ठेवा, ज्वारीचे चालतील. लढाईआधी कोंबड्यांना खायला टाकायचे, अधाशासारखं खाताना चोचीतून तुकडे खाली सांडले की शकुन चांगला, आणि तोंड फिरवलं की बोंबला. सिद्धेश्वराच्या यात्रेत भाकणुकीला उपाशी वासरापुढे धान्य, गूळ ठेवतात ना, ते कार्डावर लिहाच, सोलापूरकराला पुढचं समजवावं लागत नाही. फक्त आपल्याकडे वासरू वर्षाचं भाकीत सांगतं, तिकडे कोंबडी आज लढू की नको एवढंच सांगायची. इ.स.पू. 249 मध्ये क्लॉडियस पुल्केर नावाच्या सेनापतीच्या कोंबड्या काही खाईनात, तो म्हणाला खात नाहीत तर पिऊ देत, आणि दिल्या समुद्रात फेकून! नंतर सिसिलीतल्या द्रेपानाला त्याच्या आरमाराचा सडकून पराभव झाला. हा किस्सा पोरांना तोंडपाठ करायला लावा.

बळीची सुरी ठेवायची तर पुठ्ठ्याचीच, वर चंदेरी कागद, आणि ती काळजाच्या बाजूला, काठीच्या नाही.