जीभ घासताना ओकारी येते? या चुका टाळा

सकाळी इंदूरच्या कुठल्याही जुन्या मराठी वस्तीतून चक्कर मारा, रामबाग म्हणा किंवा लोकमान्यनगर. कुठल्या ना कुठल्या वॉशबेसिनवरून एखाद्या काकांचा 'आऽऽख्' ऐकू येतोच. ओकारी आली, डोळ्यांत पाणी आलं, की जीभ स्वच्छ झाली असं काका समजतात. आणि ज्यांना हा छळ सोसत नाही, ते जीभ घासणंच सोडून देतात. जीभ साफ करणं हे अर्ध्या मिनिटाचं, बिनआवाजाचं काम आहे. आवाज होत असेल तर पद्धत चुकतेय.

एकदम मुळाशी हात घालणं

जिभेच्या मागच्या भागाला काही टेकलं की घसा आपोआप आवळतो. नको ती वस्तू घशात उतरू नये म्हणून शरीरानेच केलेली ही सोय आहे, तुमचा नाजूकपणा नव्हे. पंचाईत अशी, की वास मारणारा थरही तिथेच मागे जास्त साचतो. तिथले जंतू हवेशिवाय फोफावतात. अन्नकणांतली आणि मेलेल्या पेशींमधली प्रथिनं फोडून गंधकाचे वायू सोडतात. म्हणजे मागे जायला तर हवं, पण पहिल्याच दिवशी नाही.

मान वर करून, आ वासून घासू नका; लाळ घशाकडे उतरते आणि ओकारी हमखास येते. बेसिनवर थोडं वाका. जीभ बाहेर काढा, पण हनुवटीला टेकेल इतकी ताणू नका. तोंडाने सावकाश श्वास सोडत जीभी, म्हणजे जीभ खरवडायची वाकवलेली पट्टी, जिभेच्या मध्यावर ठेवा आणि पुढे ओढा. मागे-पुढे खसाखसा नाही. फक्त मागून पुढे. दर वेळी जीभी नळाखाली धरून पुन्हा. दोन-चार दिवस एवढंच करा, मग अर्धं बोट मागे सरका. घसा आवळायला लागतो त्या जागेच्या जरा अलीकडे थांबायचं, ती तुमची हद्द. ही हद्द हळूहळू मागे सरकते, घाई करू नका. जीभ सारखी आत पळत असेल तर टोक स्वच्छ सुती रुमालाने धरा.

ब्रशनेच जीभ घासणाऱ्यांचे हाल जास्त होतात. ब्रशचं डोकं उंच, ते टाळूला घासतं. वर पेस्टचा फेस आणि पुदिन्याचा झणका. ज्यांना ओकारी येते त्यांनी चपटी जीभी आणि साधं पाणी वापरावं. जिभेला पेस्ट लागत नाही. जेवल्या-जेवल्या हा उद्योग करू नका. गरोदरपणात सकाळी नुसत्या ब्रशनेही मळमळत असेल, तर जीभ खुशाल संध्याकाळी घासा. सकाळीच घासली पाहिजे असं काही नाही.

भांडं घासल्यासारखा जोर

जीभ लालबुंद दिसेपर्यंत घासणारे लोक मी पाहिले आहेत. निरोगी जीभ गुलाबी असते आणि तिच्यावर पातळ, पांढरट थर असतोच. तो पूर्ण काढायच्या नादात वरचे बारीक उंचवटे सोलवटतात. ओळखायची खूण आपल्या इंदूरकरांना सोपी आहे: सकाळच्या पोह्यांवर नेहमीएवढंच जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) घातलं आणि जीभ चुरचुरली, तर हात जड पडतोय. रक्त दिसलं तर दोन-तीन दिवस जीभी बाजूला ठेवा. तीन ते पाच हलके हात पुरे, दिवसातून एकदा.

चरकसंहितेतही जीभी वाकवलेली आणि बिनधारेची असावी असंच म्हटलंय. सोनं, रुपं, तांबं, कथील, पितळ यांपैकी कशाचीही चालते. तेव्हा बर्तन बाजारातून घेताना धातूआधी कडा बघा. मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहा. ओरखडते, खरखरते, तर ती जिभेवर नको. स्वस्त पत्र्याच्या जीभ्यांत कापलेली कड तशीच सोडलेली असते.

तांब्याच्या जीभीचं हल्ली फार कौतुक चाललंय. तांब्यावर जंतू मरतात हे खरं, पण त्यासाठी ते तांब्यावर बराच वेळ राहावे लागतात. जिभेवरून दोन सेकंद फिरवल्याने ते घडत नाही. आवडत असेल तर घ्या, चिंच-मीठ लावून चकचकीत ठेवा, ओली टाकू नका. स्टीलची उकळून घेता येते, माझं मत तिच्याकडेच झुकतं. आणि ज्याची त्याची वेगळी हवी. खुंटीवर टांगलेली 'घरची' जीभी आता पुरे.

आरशात गाठी दिसल्या म्हणून खरवडणं

मागे सरकायला जमलं की बऱ्याच जणांना नवीनच धास्ती बसते. जिभेच्या अगदी मुळाशी आठ-बारा गोल, फुगीर गाठींची ओळ दिसते, इंग्रजी व्ही उलटा ठेवावा तशी. त्या सगळ्यांना असतात, चवीशी संबंधित आहेत. त्यांना खरवडलंत तर सुजतील आणि मग भीती आणखी वाढेल.

लोहाच्या गोळ्यांनी जीभ काळपट होते, बीटाने लाल, क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या बरेच दिवस केल्या तर तपकिरी. असे रंग घासून घालवायचा हट्ट नको.

जाईल म्हणून घासत राहणं

घट्ट चिकटलेला पांढरा चट्टा, जो जीभीने हलतच नाही, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट अजिबात न सोसणं किंवा तोंड पूर्वीइतकं न उघडणं. यातलं काहीही असेल तर घासणं बंद आणि थेट दंतवैद्य. तंबाखू, गुटखा, सुपारी खाणाऱ्यांनी तर एक दिवसही रेंगाळू नये. शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे दाखवता येतं. दह्यासारखे पांढरे ठिपके, पुसल्यावर खाली लाल, असं मधुमेहींना किंवा दम्याचा स्टिरॉइड इन्हेलर घेणाऱ्यांना होतं. ती बुरशी आहे, तिला औषध लागतं. इन्हेलरनंतर खळखळून चूळ भरली तर त्रास बराचसा टळतो.

जीभ स्वच्छ, तरी वास

जीभ घासल्याने वास कमी होतो, पण काही वेळापुरता. रात्री लाळ कमी सुटते, त्यात तोंड उघडं ठेवून घोरणाऱ्यांचं तोंड कोरडं पडतं, म्हणून सकाळचा वास सगळ्यांनाच असतो. ॲलर्जीच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकतं. दिवसभर वास टिकत असेल तर बहुधा हिरड्या, किडलेली दाढ, रात्री न काढलेली कवळी किंवा टॉन्सिलमधले खडे कारण असतात. तिथे जीभीचा इलाज नाही. दंतवैद्याकडे जाल त्या दिवशी मात्र जीभ घासून, माउथवॉशने गुळण्या करून जाऊ नका, नाहीतर त्यांना तपासायला काही उरणार नाही. चालू गोळ्यांची यादी सोबत न्या.