टोंगातील मानाची उतरंड कशी मांडावी

नाशिकमध्ये महाविद्यालयीन प्रकल्पासाठी टोंगा या प्रशांत महासागरातील बेटांच्या राज्याचा तक्ता आखताना वर राजा, त्याखाली ‘नोपेले’ हे सरदार, मग त्यांच्या वतीने बोलणारे मानकरी ‘मातापुले’ आणि तळाशी सामान्य ‘तुआ’ असा क्रम लावावा. राजा पहिला जॉर्ज तुपोऊ याने १८६२ मध्ये रयतेला सरदारांच्या वेठबिगारीतून सोडवले आणि १८७५ मध्ये राज्यघटना दिली, हे शेजारी नोंदवावे. आपली जातीची चौकट मात्र त्यावर बसवू नये. घरातील मानासाठी वेगळा तक्ता काढावा, कारण खरी गंमत तिथेच आहे: बहीण भावापेक्षा मानाने वरची, म्हणून बारशाला आत्याला पुढे करणाऱ्या आपल्याकडच्या घरांपेक्षाही तिथे आत्याचा अधिकार मोठा, आणि अंत्यविधीतील उंची चटया व साल कुटून केलेले ‘न्गातू’ कापड ‘फाहू’चा, म्हणजे बहिणीच्या बाजूने येणारा घरातील सर्वांत वरचा, मान असलेल्या व्यक्तीकडे जाते.