सासूबाई दारात बसलेल्या असताना

एमएसडब्ल्यू झाल्यावर मी पुण्यात स्त्रियांमधल्या एचआयव्ही प्रतिबंधाच्या अभ्यासात मुलाखती घेऊ लागले. पहिली मुलाखत येरवड्याच्या एका वस्तीत. "निरोध वापरता?" "हो." "दर वेळी?" "हो." सासूबाई दारातच तांदूळ निवडत होत्या. वीस मिनिटांत फॉर्म भरला. आमच्या सुपरवायझर ताईंनी तो वाचून बाजूला ठेवला. "सासूसमोर ती दुसरं काय सांगणार होती?"

या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: 'हो' म्हणजे माहिती नव्हे. एचआयव्ही टाळण्यासाठीच्या औषधाची 'व्हॉइस' ही चाचणी जरूर वाचा. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या ५,०२९ स्त्रिया त्यात होत्या. औषध नियमित घेतल्याचं प्रमाण त्यांच्या सांगण्यावरून ९० टक्क्यांच्या आसपास दिसत होतं. रक्ताच्या नमुन्यांत मात्र औषध सापडलं ते जेमतेम २५ ते ३० टक्क्यांत. त्या बायकांना खोटारड्या म्हणू नका. खरं सांगितलं तर आपलं काय होईल, याचा हिशेब प्रत्येक बाई मांडते.

पुण्याचा एक जुना अभ्यासही माहीत हवा. १९९३ ते १९९६ या काळात इथल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, देहविक्री न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. इतर जोखीम फारशी दिसत नव्हती. संसर्ग नवऱ्याकडूनच आला असावा, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. म्हणून 'तुमचे किती जोडीदार?' या प्रश्नावर थांबलात तर लग्न झालेल्या बाईची खरी जोखीम हातातून निसटते.

मी पुढे घरी मुलाखती घेणं बंद केलं. लसीकरणाच्या दिवशी बाई बाळाला घेऊन एकटी बाहेर पडते, तेव्हा दवाखान्यातली रिकामी खोली मागून घ्यायची. सुरुवात अंगावरून पांढरं जाण्यापासून करावी. त्यावर बायका मोकळेपणी बोलतात. मग 'मालक' बाहेरगावी किती दिवस असतात, आणि शेवटी 'मागच्या वेळी जवळ आलात तेव्हा निरोध होता का?' त्या एका वेळेबद्दल विचारलं की उत्तर बदलतं. संमतीपत्राची प्रत घरी नेणं तिला सुरक्षित वाटतं का, हेही विचारा. कागदावर 'एचआयव्ही' छापलेलं असेल आणि तो उशीखाली कुणाला सापडला, तर मार तिला खावा लागतो.

वही मिटल्यावर पाच मिनिटं तशाच बसा. "ताई, एक विचारू?" हे बहुधा तेव्हाच येतं. मालकांना न कळता तपासणी होते का? उत्तर तयार ठेवा: सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात, तपासणी मोफत होते, शंका असल्यास १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करता येतो, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तिची संमती व गोपनीयता दोन्ही जपलेल्या आहेत. वही मिटल्यानंतर ती जे बोलली, ते तिची परवानगी घेतल्याशिवाय नोंदींत उतरवू नका.