पार्किन्सन्समध्ये हालचाल मनात करून पाहताना या चुका टाळा

बाबांचे पाय बाथरूमच्या दारात अडकले की आम्ही सगळे एकदम बोलायचो, "चला, पाऊल उचला!" कोणीतरी दंडाला धरून ओढायचं. बाबांचं अंग पुढे झुकायचं, पाय मात्र जमिनीला चिकटलेलेच. असं ओढू नका, तोल जाऊन माणूस पडतो.

पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी होतं आणि चालण्या-वळण्यातलं आपोआपपण जातं. पायात ताकद असते, पण सुरुवातच होत नाही. म्हणून ती हालचाल आधी मनात करायची आणि मग लक्ष देऊन शरीराने.

बाबा सुरुवातीला स्वतःला दुरून बघायचे, टीव्हीवर कोणी चालताना दिसावं तसं. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. फिजिओथेरपिस्टनी त्यांना अंगातली जाणीव आठवायला सांगितली: वजन डाव्या पायावर गेलं, उजवा गुडघा वर आला, टाच आधी टेकली. एवढंच, एकच पाऊल. 'नीट चालायचं' असं मोघम मनात आणलं तर पायांना काहीच कळत नाही. खुर्चीतून उठण्याचेही असेच तुकडे करा: कडेला सरकलो, पाय मागे घेतले, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाकलो, उठलो. या आजारात मनातली हालचालही मंदावते, तेव्हा घाई करू नका.

चालता चालता कल्पना करणं ही आणखी एक चूक. थांबा, मनात करा, लगेच पाऊल टाका. त्या वेळी घरच्यांनी गप्पा मारू नयेत, एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळणं फार जड जातं. आणि सराव अडकल्यावरच करू नका. औषधाचा असर चांगला असताना, खुर्चीत बसून, रोज 5 ते 10 मिनिटं.

आता बाबा दारात अडकले की आम्ही गप्प उभे राहतो. ते श्वास सोडतात, वजन डावी-उजवीकडे झुलवतात, समोर मनातच एक आडवी रेघ ओढतात आणि ती ओलांडतात. वळताना जागच्या जागी गिरकी घेत नाहीत, मोठा वळसा घेतात.

रेघ मनात येतच नसेल तर जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावा, एका पावलाच्या अंतरावर. पाय वारंवार अडकत असतील, तर कोणत्या वेळी आणि गोळीनंतर किती वेळाने, ते लिहून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. डोस स्वतःहून बदलू नका.