जुन्या गाडीचा मागचा शॉकअप गळतोय? आधी रॉड बघा

गाडी बघायला गेलो तेव्हा तिच्या सगळ्या अंगावर लाल माती होती आणि मागचे दोन शॉकअप तेवढे धुतलेले, लख्ख. तिथंच शंका यायला हवी होती. शंभर सीसीची, दहा वर्षं चाललेली, एमएच-०९ पासिंगची मोटरसायकल. मालक चंदगडकडचे एक दूधवाले काका. किक मारली, पहिल्या दणक्यात सुरू झाली, धूर नाही, खडखड नाही. मी भुललो.

आणि भुलणारा मी कोण, तर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर हायड्रॉलिक सिलेंडरचे रॉड करणारा. तेल कुठून गळतंय आणि का गळतंय, हेच दिवसभर बघायचं माझं काम. गाडी येळ्ळूरला घरी आणली, चौथ्या दिवशी शॉपच्या दारात लावली, तर आमच्या हेल्परनं वाकून बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं, "एण्णि सोराकत्तैत्रि!" तेल गळायला लागलंय. डाव्या शॉकअपच्या खालच्या बुशपाशी, म्हणजे बोल्ट जातो त्या कडीपाशी, काळा चिकट लगदा साचला होता. अख्ख्या शॉपला दोन दिवस विषय पुरला.

पुढं मी एक चूक केली आणि मग काम नीट केलं. दोन्ही सांगतो.

तेल नेमकं कुठलं?

मागं तेल दिसलं की शॉकअप गेला असं लगेच धरू नका. चेनला सढळ हातानं तेल घातलं की ते उडून चेनच्या बाजूच्या शॉकअपवर बसतं. पुढच्या स्प्रॉकेटमागचं (चेन फिरवणाऱ्या दात्यांच्या चाकामागचं) सील, म्हणजे तेल अडवणारी रबराची कडी, गेलं असेल तरी तेल वाऱ्यानं मागं येतं. म्हणून आधी डिझेलात भिजवलेल्या फडक्यानं शॉकअप पुसा, साबणाच्या पाण्यानं धुवा, कोरडा होऊ द्या. मग घरातली अंगाला लावायची पावडर त्यावर भुरभुरा. बायको विचारेल काय चाललंय, सांगा पूजा चाललीय. आता वीस-पंचवीस किलोमीटर खराब रस्त्यावर फिरून या. आमच्याकडं असा रस्ता शोधावा लागत नाही, खानापूरच्या बाजूला तोंड केलं तरी पुरतं.

परत आल्यावर पावडर कुठं भिजलीय ते बघा. रॉड जिथं शॉकअपच्या नळीत शिरतो त्या गळ्यापासून ओघळ सुरू झाला असेल, तर सील गेलं. वरून शिंतोडे पडल्यासारखे ठिपके असतील तर ते चेनचं. गळ्याभोवती नुसती ओलसर धूळ, बोट लावलं तर जेमतेम डाग, एवढंच असेल तर काळजी करू नका. सीलची कड रॉडवर कोरडी घासू नये म्हणून तेलाचा बारीक थर बाहेर येतोच. आमच्या सिलेंडरलाही येतो. ओघळ मात्र चालत नाही.

हे करताना एक गोष्ट न विसरता बघा. ओघळ टायरवर किंवा मागच्या डिस्कवर गेलाय का? टायरवर गेला असेल तर भांड्याच्या साबणानं आणि पाण्यानं घासून काढा, डिझेल-पेट्रोल रबराला लावू नका. डिस्कच्या पॅडनं तेल प्यायलं असेल तर पॅड बदला, घासून वापरत बसू नका. ड्रम ब्रेकवाल्यांना एवढी भीती नाही, ड्रम बंद असतो.

तेल गेलं म्हणजे काय गेलं

पुष्कळांना वाटतं गाडी स्प्रिंगवर उभी आहे, तेल गेलं तर काय बिघडलं. वजन स्प्रिंगच पेलते, बरोबर. पण दाबलेली स्प्रिंग तेवढ्याच जोरानं परत उसळते. ती उसळी जिरवायचं काम आतलं तेल करतं. रॉडच्या टोकाला भोकं असलेला पिस्टन असतो, तो तेलातून वर-खाली होतो, बारीक भोकांतून तेल मुश्किलीनं जातं आणि उसळीचा जोर उष्णता होऊन संपतो. तेल कमी झालं की तिथं हवा शिरते, फेस होतो, आणि फेसाला असला अडसर करता येत नाही.

तपासायला सोपं. गाडी स्टँडवरून काढा, समोरचा ब्रेक धरा, सीटचा मागचा भाग जोर लावून दाबा आणि सोडा. चांगली गाडी एकदा वर येऊन जागेवर बसते. माझी तीनदा डुलली, यल्लम्माच्या जत्रेतल्या पाळण्यासारखी. वळणावर असलं डुलणं सुरू झालं की मागचं चाक खड्ड्यातून खड्ड्यात उडत जातं आणि रस्ता सोडतं. दुरुस्ती होईपर्यंत मागं माणूस बसवू नका, पोती लादू नका, आणि चोर्ला घाटात तर जाऊच नका.

शॉकअप गाडीचा इतिहास सांगतो

स्प्रिंगच्या बुडाशी पायऱ्यांची चकती असते, हुक पान्यानं फिरवायची. बऱ्याच गाड्यांना पाच पायऱ्या. माझ्या गाडीची चकती दोन्हीकडं पाचव्या पायरीवर गंजून बसलेली होती, कित्येक वर्षांत हललेली नव्हती. मग मी मागच्या कॅरिअरचा पाईप बघितला. दोन्ही बाजूंना आकडे घासून रंग उडालेला, लोखंड गुळगुळीत झालेलं. दुधाचे कॅन! चाळीस लिटरचा भरलेला कॅन म्हणजे नुसतं दूधच एक्केचाळीस किलो, वर कॅनचं वजन. असे दोन, आणि काका. शिनोळीवरून बाचीच्या रस्त्यानं पावसापाण्यात रोज बेळगावला. बिचारा शॉकअप गळला नसता तरच नवल.

तेव्हा जुनी गाडी घेताना ही चकती आधी बघा. वरच्या पायरीवर जाम असेल तर गाडीनं ओझी वाहिलीत, मग मालक काहीही सांगू दे. दोन्हीकडची पायरी वेगळी असेल तर कुणीतरी एका बाजूची गळती लपवायला खटपट केलेली असू शकते. पायरी वाढवून स्प्रिंगवरचा सुरुवातीचा दाब वाढतो, गेलेलं तेल परत येत नाही.

रॉड

इथं मी घाई केली म्हणून इथं थोडा जास्त थांबतो.

सील हे रबर. ते म्हातारं होतं, कडक होतं, हे खरं. पण सील लवकर फाटलं तर त्याला फाडणारं कुणीतरी असतं. रॉडवर हार्ड क्रोमचा थर असतो. आम्ही सिलेंडरच्या रॉडला साधारण वीस-पंचवीस मायक्रॉनचा चढवून घेतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. त्यावर खडीचा एक कण जरी घासला, की बारीक टोचा पडतो. टोच्यातून पाणी आत जातं, क्रोमखाली गंज धरतो, क्रोमचा पापुद्रा उडतो, आणि मग तो खड्डा दर उसळीला सीलच्या कडेवरून कानसीसारखा फिरतो. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात चाललेल्या गाड्यांचे रॉड मी बघितलेत, चाळणी झालेली असते.

बघायचं कसं? गाडी डबल स्टँडवर घ्या म्हणजे मागचं चाक लोंबतं आणि रॉड जास्तीत जास्त बाहेर येतो. स्प्रिंगच्या वेढ्यांतून बॅटरी मारा. रॉडवर रबराचा ठोकळा असेल तो स्क्रूड्रायव्हरनं वर सारा. मग उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळा आणि वेढ्यांतून आत घालून रॉडवर खाली-वर फिरवा. डोळ्याला न दिसणारा खड्डाही कापसाचा धागा ओढून धरतो. काडी बाहेर काढल्यावर रॉडवर पांढरे तंतू अडकलेले दिसले तर निकाल लागला. माझ्या डाव्या रॉडला खाली, गळ्यापासून बोटभर अंतरावर, तीन ठिकाणी कापूस अडकला. उजव्याला एका ठिकाणी, आणि तो तर अजून गळतही नव्हता.

पण ही कापसाची परीक्षा मी नंतर केली. आधी स्वस्तातलं बघायला गेलो. हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात मिस्त्री म्हणाले, "सील बदलून तेल भरतो की ओ, नव्यासारखा." कम्युटर, म्हणजे रोजच्या वापराच्या साध्या गाडीचा शॉकअप कंपनीनं तोंड दाबून बंद केलेला असतो, उघडायला केलेलाच नसतो. त्यांनी ते तोंड कापलं, बाजारातलं सील बसवलं, नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरलं आणि वरून वेल्डिंगचे टाके मारले. गाडी बैलगाडीसारखी कडक झाली. एवढं जाड तेल त्या बारीक भोकांतून जाणार कसं? आणि तेविसाव्या दिवशी ओघळ परत हजर, कारण सील नवं आणि रॉड तोच. मी स्वतः रोज गिऱ्हाइकाला सांगतो, रॉड खराब असेल तर सील बदलून पैसे घालवू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात तसं माझं झालं.

तर माझं मत असं: साध्या गाडीला शॉकअप उघडायच्या भानगडीत पडू नका, जोडी बदला. जोडीच, एकटा नव्हे. एक नवा आणि एक थकलेला बसवला की चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) दोन बाजू दोन तऱ्हेनं उसळतात. महागड्या गाडीचा, मुद्दाम उघडायची सोय असलेला शॉकअप असेल आणि रॉड साफ असेल, तर सील बदलण्यात अर्थ आहे.

गॅस भरलेल्या शॉकअपला हात लावू नका. बाजूला डबी असलेले, किंवा मोनोशॉक, म्हणजे मागं मधोमध एकच असतो तो. आत दाबाखाली नायट्रोजन असतो. कापू नका, गरम करू नका, जाणकाराकडं न्या. मोनोशॉक काढला की चिमटा सरळ खाली पडतो, गाडी टांगायला सोय लागते, ते अंगणातलं काम नव्हे.

दोन शॉकअपवाली गाडी असेल तर घरी बदलता येतात

नवी जोडी घेताना जुन्याची वरच्या डोळ्याच्या (बोल्ट जायच्या भोकाच्या) मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत लांबी मोजा आणि तेवढीच घ्या. लांब घातला की चेनचा ताण बदलतो, स्टँडवर गाडी कलते. बुशाचं भोकही जुळवून बघा. कंपनीच्या स्पेअरचा, छापील किंमतीचा, बिलासह. मी तसाच आणला.

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर. वरच्या स्टडवर (फ्रेममधून बाहेर आलेल्या बोल्टवर) बहुधा कॅरिअर किंवा मागच्या धरायच्या दांड्याची पट्टी आलेली असते, आणि खाली सायलेन्सर आडवा येऊ शकतो, त्याचा मागचा बोल्ट सैल करावा लागतो. नट गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. रिंग पानाच वापरा, उघड्या तोंडाचा पाना नटाचे कान गोल करतो.

एका वेळी एकच बाजू सोडा. दुसरी बाजू चिमटा धरून ठेवते, नाहीतर चाकासकट खाली जातो आणि भोकं जुळवता जुळवता घाम निघतो. वॉशर ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं फरशीवर मांडा. मी फोनवर फोटो काढतो, लेथवरची सवय. नवा बसत नसेल तर हातोडा नको, चाकाखाली लाकडाची पट्टी सारून चाक थोडं उचला, बोल्ट आपोआप आत जातो. स्टड पुसून ग्रीसचं बोट फिरवा. नट आधी हातानं घट्ट करा, दुसरी बाजू पण करून घ्या, मग गाडी चाकांवर उतरवून शेवटचं आवळा. पान्याला पाईप लावून आवळू नका, फ्रेमला जोडलेला स्टड तुटला तर शॉकअपपेक्षा मोठं काम निघेल.

शॉकअप निघालेला असताना चाक धरून चिमटा आडवा हलवून बघा. माझ्या चिमट्याचे बुशही गेले होते, कटकट आवाज यायचा तो त्यांचा. ते काम मात्र मी गॅरेजात दिलं.

दोन्हीकडची पायरी सारखी ठेवा. मी एकटा असलो की दुसरीवर. घरची मंडळी मागं आणि मांडीवर बासमतीचं पोतं असलं की तिसरीवर. चौथीला अजून गेलो नाही.

गाडी अजून घेतलेली नसेल, नुसती बघत असाल, तर आधी दुकानात जोडीची किंमत विचारून या आणि तेवढे सौद्यातून कापा. मालक म्हणतील सील बदललं की झालं. त्यांना कापसाची काडी दाखवा. आणि महाराष्ट्र पासिंगची गाडी कर्नाटकात कायमची ठेवणार असाल तर एनओसी (ना-हरकत दाखला) आणि इकडचा रोड टॅक्स यांचाही हिशेब त्याच वेळी करा. मी केला नव्हता. तो शॉकअपपेक्षा जास्त झाला.

दोनशे किलोमीटर झाले की चारही नट परत एकदा पान्यानं बघा, आणि गळ्याभोवती पांढरं फडकं फिरवा. माझं परवा फिरवलं, नुसती लाल माती निघाली.