प्रकाशनांचा दिवस आखायचा असेल, तर आधी रिकामी मिनिटं मोजा

छोट्या प्रकाशकांच्या पुस्तकमेळ्यात मंचाची वही माझ्याकडे असते. कोण कधी बोलणार, कोणत्या पुस्तकाचं प्रकाशन किती वाजता, प्रश्नांचा माइक कोणी फिरवायचा, सगळं त्या वहीत. बाकीचे स्टॉल लावतात, मी माणसं लावते. असा दिवस नव्याने आखणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एका रविवारी किती कार्यक्रम बसतील? मी म्हणते, सात. त्यांना दहा हवे असतात.

सातचं गणित सोपं आहे. सकाळी अकराला सुरुवात, संध्याकाळी साडेसातला मंच बंद. दुपारी एक ते अडीच काहीही ठेवायचं नाही, कारण रविवारी त्या वेळेला मुंबईकर जेवतो किंवा लवंडतो. उरले सात तास. प्रत्येक तासात चाळीस मिनिटं कार्यक्रम आणि वीस मिनिटं काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ महत्त्वाचं. भाषण चालू असताना पुस्तक विकलं जात नाही. टाळ्या संपल्यावर, पुढचा माइक सुरू व्हायच्या आत विकलं जातं. ती फट बुजवलीत की लोक खुर्चीवरून हलत नाहीत, आणि हलले तर थेट चहाकडे जातात. निवेदकाला बजावून ठेवा, या वीस मिनिटांत माइकवरून गोड आवाजात सूचनासुद्धा नकोत. लोकांना पानं चाळू द्या.

चाळीस मिनिटांत प्रकाशन बसवायचं तर समारंभाला कात्री लावावीच लागते. दीपप्रज्वलन दिवसातून एकदाच, अकरा वाजता. शाल-श्रीफळ नाही; त्याऐवजी पाहुण्यांना शेजारच्या स्टॉलवरचं एखादं पुस्तक द्या, त्या प्रकाशकाचीही विक्री होते. अध्यक्ष नकोतच. लेखक, त्याच्याशी बोलणारा एक माणूस, आणि लेखकाने स्वतः वाचलेली चार-पाच पानं, एवढं पुरतं. पाहुणे बोलणारच असतील, तर ‘वेळेअभावी थोडक्यात बोलतो’ हे वाक्य ऐकलं की घड्याळाकडे बघायला लागा. अशी माणसं थांबत नाहीत. पहिल्या रांगेत कडेला कोणाला तरी बसवा, ज्याने पाच मिनिटं उरल्यावर उभं राहायचं. फक्त उभं राहायचं, बोलायचं नाही. चिठ्ठीपेक्षा याचा परिणाम जास्त होतो.

आता वेळा कोणाला कोणत्या द्यायच्या. हॉल दादरला असेल तर पश्चिम आणि मध्य, दोन्ही मार्गांवरचे लोक येतात, पण रविवार म्हणजे मेगाब्लॉक. मध्य आणि हार्बरवर तो साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान असतो, कधी पश्चिमेवरही जम्बो ब्लॉक निघतो. आदल्या दिवशी बातमी बघायचीच. डोंबिवलीच्या लेखकाला बाराची वेळ देणं म्हणजे त्याच्या नातेवाइकांना गाडीत लटकवणं. त्यांना साडेपाच द्या. अकराला मुलांची पुस्तकं ठेवा. दादर-माटुंग्याचे आईबाबा पोरांना घेऊन त्याच वेळी बाहेर पडतात. अडीचला ‘पुस्तक कसं छापून येतं’ असा विषय ठेवा. या विषयाला दुपारच्या झोपेवर पाणी सोडणारे हौशी हमखास सापडतात.

आणि नव्या लेखकाला नेहमी नामवंताच्या आधी ठेवा, नंतर कधीच नाही. नामवंत साडेपाचला असेल तर जागा धरायला लोक साडेचार-पावणेपाचलाच येतात आणि आयतेच नव्या लेखकासमोर बसतात. उलट केलंत तर नामवंत उठला की अर्धा हॉल विरार-कल्याण गाठायला निघतो. शेवटचा तास कवींना द्या. कवी कुठेही जात नाहीत.

पुस्तकं मात्र आदल्या दिवशी हॉलवर यायला हवीत. त्याच सकाळी बाइंडरकडून गठ्ठे येणार असतील तर प्रकाशन पुढे ढकला, असं मी स्पष्ट सांगते. आपल्या दमट हवेत लॅमिनेशन केलेलं कव्हर वळतं, टेबलावर पुस्तक तोंड उघडून बसतं. गठ्ठा सोडला की प्रती आलटून पालटून रचा, एकीचा कणा डावीकडे, दुसरीचा उजवीकडे, आणि रात्रभर वर वजन ठेवा. त्याच वेळी ग्रंथालयांच्या प्रती बाजूला काढा. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात, त्यात कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि आपल्या फोर्टमधली सेंट्रल लायब्ररीही आहे. विक्रीच्या धांदलीत त्या गेल्या की मग कोणाच्या लक्षात राहत नाही.

प्रकाशनाच्या प्रतींना चकचकीत कागद आणि सेलोटेप लावू नका. सत्तरीतले पाहुणे मंचावर नखाने टेपचं टोक शोधत बसतात, फोटोग्राफर खोळंबतो, आणि शेवटी कागद फाडताना कव्हरवर ओरखडा जातो. रिबीन बांधा, तीही सुरगाठीने: एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. आदल्या रात्री प्रत्येक गाठ स्वतः ओढून बघा आणि पुन्हा बांधा. फोटोआधी एक नजर टाका, पाचांपैकी एकाने तरी पुस्तक उलटं धरलेलं असतं.

स्वाक्षरीचं टेबल मंचाजवळ मांडू नका. ते त्या पुस्तकाच्या स्टॉलला लागून हवं, म्हणजे रांग गल्ल्यासमोरून जाते. रांगेतल्या माणसाला आधीच कोरी चिठ्ठी द्या आणि नाव लिहून घ्या. मधुरा की माधुरी, हे लेखकाने गोंगाटात तीनदा विचारायचं आणि शेवटी चुकीचं लिहायचं, म्हणजे ती प्रत गेली. सही शीर्षकपानावरच; गुळगुळीत आर्टपेपरवर जेल पेन फिस्कटतं, म्हणून दोन साधी बॉलपेनं टेबलाला दोऱ्याने बांधा. बांधाच, कारण पेनं वाचकांबरोबर घरी जातात.

माइक दोन हवेत आणि जास्तीचे सेल खिशात. चाचणी घेताना ‘हॅलो, हॅलो’ करणाऱ्या तगड्या पोराचा आवाज ऐकून समाधान मानू नका. दिवसातल्या सगळ्यात मृदू आवाजाच्या वक्त्याला थोडं लवकर बोलवा. प्रश्नांचा माइक प्रेक्षकाच्या हातात देऊ नका, स्वयंसेवकानेच धरायचा. हातात गेला की प्रश्नाचं मनोगत होतं. खुर्च्या अपेक्षेपेक्षा कमी मांडा, बाकीच्या मागे रचून ठेवा. भरलेल्या चाळीस खुर्च्या बघून येणारा थांबतो, अर्ध्या रिकाम्या शंभर बघून वळतो.

क्यूआर कोड छापून लावा, पण बऱ्याच हॉलमध्ये आत नेटवर्क लंगडतं, तेव्हा सुट्या पैशांचा डबा भरलेला ठेवा.

आवरायला लागतो त्यापेक्षा नेहमी कमी वेळ धरला जातो. मंच साडेसातला बंद करा म्हणते ते त्यासाठीच. आधी उरलेल्या प्रती मोजा, प्रकाशक आणि स्टॉलवाला दोघांच्या सह्या घ्या, मगच खोके बांधा. बांधलेला खोका कोणी परत उघडत नाही. खोके लहान घ्या, पुस्तकांचा मोठा खोका चौघांनाही उचलत नाही. आणि टेम्पो नऊला हवा असेल तर साडेआठ सांगा.